लेण्यांच्या पायथ्याचे वेरूळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या समारंभात चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी मला सुचविले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहून बोलावयाचे म्हणजे हातापायाला कापरे भरते. पण चिटणीसबाई सोडतात थोड्याच! त्या म्हणाल्या, "अहो, तुमचे माहेर वेरूळचे ना? मग माहेराविषयी बोला. माहेराचे बोलायला कोणत्या बाईला शिक्षण लागले आहे?" या बोलण्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे.

वेरूळ म्हटले की आपल्यापैकी प्रत्येकजण म्हणेल, "आम्ही पाहिले आहे." आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून अवघ्या तीस किलोमीटरांवर ते आहे. घरी पाहुणे आले, की डबे बांधायचे, वाटेत दौलताबादचा किल्ला खालूनच दाखवायचा, घाट चढून खुलताबादला भद्रा मारुतीचे दर्शन घ्यायचे, खाली उतरून कैलास लेणे पाहायचे, घृष्णेश्वरापुढे रांगेत उभे राहायचे आणि दिवेलागणीला घरी परत यायचे. हा आपला ठरलेला परिपाठ. पण मी एक प्रश्न विचारते. तुमच्यापैकी कितीजणींनी वेरूळ गाव पाहिले आहे? लेणी नव्हे, देऊळ नव्हे, गाव! हात वर करा म्हटले तर फारसे हात वर व्हावयाचे नाहीत. यात तुमचा दोष नाही. गाडी जेथे थांबते तेथे आपण उतरतो, आणि गावासाठी गाडी थांबतच नाही.

तेव्हा आज मी तुम्हाला पायी पायी गावातून नेणार आहे.

आमचे गाव फार जुने. जुन्या लेखांत त्याचे नाव एलापूर असे येते. जवळून वाहणाऱ्या नदीला येळगंगा म्हणतात. राष्ट्रकूट राजांच्या काळी, म्हणजे आठव्या शतकात, हे नाव दूरवर पोचले होते. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी येथे येऊन राहिले होते. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून ज्याला मान आहे, त्या लीळाचरित्रात त्यांच्या येथील लीळा सांगितल्या आहेत. म्हणजे आपली मराठी भाषा नुकती कोठे ग्रंथात पाऊल टाकीत होती, तेव्हा वेरूळची नोंद तिने करून ठेवली. माहेरवाशिणीला याचा अभिमान वाटणारच!

आता प्रथम चला देवळाकडे. घृष्णेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हे नाव कोणावरून पडले, याचा विचार आपण केला आहे काय? सोमनाथ चंद्रावरून, रामेश्वर रामावरून. आमचा देव मात्र एका गृहिणीवरून ओळखला जातो. शिवपुराणात कथा आहे. देवगिरीजवळ सुधर्मा नावाचा ब्राह्मण आणि त्याची पत्नी सुदेहा राहत असत. पोटी संतान नाही, म्हणून सुदेहेने आपणच आग्रह करून घुश्मेशी नवऱ्याचे दुसरे लग्न लावून दिले. घुश्मा रोज मातीची एकशे एक शिवलिंगे करी, त्यांची पूजा करी आणि तळ्यात विसर्जन करी. तिला मुलगा झाला, तो मोठा झाला, त्याचे लग्न झाले, आणि सुदेहेच्या मनात मत्सराने घर केले. एके रात्री तिने त्या मुलाला मारून त्याच तळ्यात टाकले. सकाळी सुनेने आकांत केला. घुश्मेने मात्र हातातली पूजा अर्धी टाकली नाही. विसर्जनाला ती तळ्यावर गेली, तो मुलगा जिवंत होऊन पाण्यातून वर आला. शंकर सुदेहेला शासन करावयास निघाले, तेव्हा घुश्मेनेच तिच्यासाठी क्षमा मागितली. म्हणून देव तेथे घुश्मेश्वर होऊन राहिला.

दुसरी कथा पार्वतीची. भांगात भरण्यासाठी तिने तीर्थाच्या पाण्यात केशर-कुंकू कालविले, आणि त्या घर्षणातून लिंग प्रकटले, म्हणून घृष्णेश्वर. कोणती कथा खरी, हे पंडितांनी ठरवावे. मला इतकेच दिसते, की एका कथेत माती मळणारा बाईचा हात आहे, आणि दुसऱ्या कथेत कुंकू कालविणारा बाईचा हात आहे.

हे पुराणातले झाले. इतिहासातही तसेच आहे. या देवळाचा जीर्णोद्धार सोळाव्या शतकात मालोजीराजे भोसले यांनी केला. पुढे पडझड झाली, आणि आज आपण पाहतो ते देऊळ अठराव्या शतकात होळकरांच्या घराण्यातील स्त्रियांनी उभे केले. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई आणि त्यांच्या सूनबाई अहिल्याबाई, अशी दोघींची नावे येथे घेतली जातात. सासूने देऊळ हाती घ्यावे आणि सुनेने ते काम पुढे चालवावे, असे उदाहरण आपल्या मंडळात सांगण्यासारखे आहे. देवळाचा खालचा भाग लालसर दगडाचा आहे, त्यावर दशावताराच्या आणि इतर मूर्ती कोरल्या आहेत. सभामंडपाला चोवीस खांब आहेत. रांगेत उभे असताना आपण घड्याळ पाहतो आणि पुढचीच्या पाठीकडे पाहतो. त्याऐवजी भिंतीकडे पाहा. रांग केव्हा सरली ते कळावयाचे नाही.

देवळापासून थोड्याच अंतरावर शिवालय तीर्थ आहे. हे पाहिल्याशिवाय कोणी परत येऊ नये. चौरस कुंड, चारी बाजूंनी खाली उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, आणि भोवती लहान लहान आठ देवळ्या. हे कुंड अहिल्याबाईंनी बांधून घेतले असे सांगतात. वरच्या पायरीवर उन्हाने तळपाय भाजत असला, तरी खाली उतरत जावे तसा गारवा लागतो. माझी आई आणि तिच्या सोबतिणी पाण्यासाठी किती वणवण करीत, ते मी लहानपणी पाहिले आहे. म्हणून मला या कुंडाचे मोल देवळाइतकेच वाटते. देऊळ बांधणारे पुष्कळ होऊन गेले. पण पाणी बांधणाऱ्याला पाण्याचे दुःख ठाऊक असावे लागते. मालोजीराजांनीही शिखर शिंगणापूरला यात्रेकरूंसाठी तळे बांधले. पाण्याची आणि दुष्काळाची ही जाण या मातीतलीच.

आता मालोजीराजांच्या घरी जाऊ. होय, घरीच! वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती. बाबाजी भोसले पाटील, त्यांचे पुत्र मालोजी व विठोजी. गावात मालोजीराजांची गढी आहे. उत्खननातून तिचे पाये आणि भिंती उघड्या झाल्या आहेत, आणि शहाजीराजांचे स्मारकही तेथे आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा येथे नांदले. आजी उमाबाई, फलटणच्या नाईक-निंबाळकरांची लेक, या गावी सून होऊन आली. तिला बरेच दिवस मूल होईना, तेव्हा नगरच्या शहा शरीफ या पीराला नवस केला, आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली, असे सांगतात. त्याच शहाजीराजांच्या घरात सिंदखेडच्या लखुजी जाधवांची लेक जिजाबाई आली. शिवनेरी, रायगड ही नावे आपली मुले घडाघडा म्हणतात. पण त्या घराण्याचा उंबरठा आपल्या शहरापासून तासाभराच्या वाटेवर आहे, हे मुलांना सांगावयाचे कोणी? लोक गढीवरून पुढे जातात, कारण तेथे उभे कळस नाहीत, रंगीत फलक नाहीत. आहेत ते नुसते दगडमातीचे पाये. परंतु बायांनो, घराचा पाया कोठे दिसतो? तो दिसत नाही म्हणून घर उभे असते.

आता लेण्यांकडे वळू. ती टाळून वेरूळचे बोलणे पुरे कसे व्हावे? एकंदर चौतीस लेणी क्रमांक घातलेली आहेत. पहिली बारा बौद्धांची, तेरा ते एकोणतीस हिंदूंची, आणि तीस ते चौतीस जैनांची. एकाच डोंगराच्या अंगाखांद्यावर तीन धर्म नांदले. सोळावे लेणे कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळचे हे काम. पायापासून कळसापर्यंत चढत जाणे ही बांधकामाची रीत. येथे कळसापासून पायापर्यंत उतरत आले. मागचा कातळ शंभर फुटांहून अधिक खोल तासला आहे. एक टाकी चुकीची पडली असती, तर दगड पुन्हा जोडावयाचा नव्हता. पुढे नवव्या शतकातील एका ताम्रपटात असे वर्णन आले आहे, की हे मंदिर पाहून आकाशातून जाणारे देवही थक्क झाले, आणि ज्याने ते घडविले त्यालाही आपल्या हातून हे कसे झाले याचे नवल वाटले.

याविषयीही एक बाईची कथा आहे, ती कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरूत आली आहे. राजा आजारी पडला. राणी माणिकावतीने घृष्णेश्वराला नवस केला, की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन, आणि कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. पण देऊळ व्हावयास महिनोन् महिने लागणार, तोवर राणी उपाशी कशी राहणार? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला. त्याने डोंगराच्या माथ्यावरून कामास आरंभ केला, आणि काही दिवसांतच राणीला कळस दाखविला. म्हणून या लेण्याला माणिकेश्वर म्हणत. ही कथाच आहे, इतिहास नव्हे. पण नवस करावा राणीने, आणि तिच्या पोटाची काळजी करावी पाथरवटाने, हे मला फार गोड वाटते.

बाकीच्या लेण्यांतही आपल्या घरातल्या गोष्टी किती आहेत! दहाव्या लेण्याला सुताराची झोपडी म्हणतात. त्याच्या छताला दगडातच कोरलेल्या फासळ्या आहेत. लाकडी आढेवासे असावेत तशा त्या दिसतात. एकविसाव्या लेण्यात शिवपार्वतीच्या लग्नाचा देखावा आहे, आणि दोघे सारीपाट खेळत बसली आहेत तेही आहे. तेथेच मगरीवर उभी असलेली गंगा पाहा. तिच्या उभे राहण्यात जो डौल आहे, तो आपल्याकडच्या घागर घेतलेल्या बाईचाच आहे. एकोणतिसावे लेणे म्हणजे सीतेची न्हाणी. पावसाळ्यात तेथे कड्यावरून धबधबा कोसळतो.

पाहावयास जाणाऱ्यांसाठी घरच्या दोन सूचना करते. लेण्यांची तोंडे पश्चिमेला आहेत, म्हणून दुपारनंतर उजेड आत शिरतो आणि मूर्ती उजळतात. यासाठी सकाळी देऊळ, तीर्थ व गढी करावी, आणि जेवणानंतर लेणी पाहावीत. दुसरे, मंगळवारी लेणी बंद असतात. पाहुण्यांना घेऊन मंगळवारी गेलात, तर माकडे तेवढी भेटतील.

आता जरा दूरची गोष्ट सांगते. माझ्या मुलीने ती मला वाचून दाखविली. फ्रान्स देशात कोलोंज-ला-रूज नावाचे एक लहानसे जुने गाव आहे. तेथली घरे, बुरूज, देऊळ, सारे लाल दगडाचे. १९८२ साली त्या गावच्या नगराध्यक्षाने पुढाकार घेतला, आणि देशातील सुंदर सुंदर खेड्यांचा एक संघ स्थापन झाला. संघात यावयाचे तर गावाची वस्ती दोन हजारांहून अधिक असू नये, आणि जपण्यासारख्या जुन्या वास्तू गावात असाव्यात, असे नियम आहेत. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८३ साली, आमच्या वेरूळची लेणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. मला यात एक फरक दिसला. तेथे मान मिळाला तो सबंध गावाला, त्याच्या गल्ल्यांना, ओट्यांना, खिडक्यांना. आमच्याकडे मान मिळाला तो लेण्यांना. तो योग्यच आहे. कैलासासारखे काम जगात दुसरे कोठे आहे? आणि आमच्या गावाची वस्तीही दोन हजारांहून केव्हाच वाढली आहे, तेव्हा त्या नियमात आम्ही बसावयाचे नाही. पण त्यामुळे झाले असे, की गावाच्या माणसाला लेणी सरकारची वाटतात, आणि पाहुण्याला गाव म्हणजे लेण्यांच्या वाटेवरची चहाची दुकाने वाटतात. गढीच्या दगडावर गुरे बांधली तरी कोणाला काही वाटत नाही. कुंडाच्या पायरीवर निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी टाकताना भाविक म्हणविणाऱ्यांचा हात अडत नाही. आपल्या ओट्यावर कोणी असे टाकले, तर आपण गप्प बसू काय?

वारसा जपणे हे मोठमोठ्या विद्वानांचे काम आहे असे आपण समजतो. संशोधन त्यांचे खरे. पण जपणूक म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. सासूबाईंचे तांब्याचे घंगाळ आपण चिंचेने घासून ठेवतो, आजीची पैठणी मलमलीत गुंडाळून वर्षातून एकदा वाऱ्यावर घालतो. ते वापरण्यासाठी नव्हे. आपल्या आधी कोणी होते, आणि आपल्यानंतर कोणी असणार, म्हणून. तीच नजर कुंडावर गेली, की झाले.

आता शेवटचे, आणि माझ्या जिव्हाळ्याचे. माझी एक भाची आहे, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. ती दहावीत आहे. सुट्टीत मी माहेरी गेले, की तीच मला गढीवर आणि तीर्थावर घेऊन जाते, आणि मला ठाऊक असलेल्याच गोष्टी मला नव्याने सांगते. तिच्या मनात आहे, की पुढे शिकून, सरकारी प्रशिक्षण आणि परवाना घेऊन, लेण्यांवर मार्गदर्शक व्हावे. घरात मात्र यावर दोन मते आहेत. माझा भाऊ तिच्या आईला म्हणाला, "पोरीची जात. दिवसभर परक्या माणसांपुढं बोलत फिरायचं म्हणजे लोक काय म्हणतील? आणि सोयरिकीला कोण येईल?" तो वाईट माणूस नव्हे. मुलीचा बाप आहे, त्याला काळजी आहे. वहिनी गप्प आहे. आणि भाची मला म्हणते, "आत्या, तू बोल ना दादांशी. तुझं ऐकतात ते."

मी सातवीनंतर शिकले नाही, त्या वेळी पुढची शाळा दूर होती आणि घरात धाकटी भावंडे होती. मला त्याचे दुःख करीत बसावयाचे नाही. माझा संसार चांगला झाला. परंतु घुश्मेच्या गावची, उमाबाईच्या गावची, अहिल्याबाईंच्या कुंडावर खेळलेली मुलगी चारचौघांपुढे गावाची गोष्ट सांगावयास लाजिरवाणी व्हावी, हे मला पटत नाही. मी भावाला म्हटले, "दादा, आपल्या गावची गोष्ट सगळी बायांचीच आहे. ती सांगायला बाई नको म्हणतोस, हे कसं?" तो हसला, पण हो म्हणाला नाही. "बघू," म्हणाला. पुरुषांचे "बघू" म्हणजे काय, हे आपण सर्वजणी जाणतो. दार बंद झालेले नाही, पण उघडलेही नाही.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपली वार्षिक सहल यंदा वेरूळला न्यावी. महाशिवरात्रीची गर्दी होण्यापूर्वीचा एखादा दिवस धरावा, मंगळवार सोडून. आणि देऊळ, तीर्थ आणि गढी यांची माहिती सांगण्याचे काम माझ्या भाचीला द्यावे. लेण्यांसाठी परवानाधारक मार्गदर्शक घेऊ; तिला तो अधिकार अजून मिळवावयाचा आहे. पण गाव तर तिचेच आहे. चाळीस-पन्नास बायका, त्यांत आपल्या अध्यक्षीणबाई, मान देऊन एका मुलीचे बोलणे ऐकत उभ्या आहेत, हे माझ्या भावाने एकदा डोळ्यांनी पाहावे. शंभर वेळा समजावण्यापेक्षा ते अधिक होईल. जाताना प्रत्येकीने एक कापडी पिशवी घ्यावी, म्हणजे आपले निर्माल्य आपल्याबरोबर परत येईल. वाटेत मक्याची कणसे आणि पेरू विकणाऱ्या बाया बसतात, त्यांच्याकडून चार पैशांचे घ्यावे, आणि फार घासाघीस करू नये. त्यांत एखादी माझी बालमैत्रीणही असावयाची.

ही विनंती मंजूर झाली की नाही ते कार्यकारिणीच्या बैठकीत कळेलच. विरोध असेल तर तोही मोकळेपणाने करावा, मला राग यावयाचा नाही. मात्र "बघू" एवढे म्हणू नये.

माझे बोलणे थोडे लांबले. माहेरचा विषय निघाला की असे व्हावयाचेच.